खोकताना लघवी सुटते? आधी आवळायला शिका, मग मोजायला

माझी मुलगी तेव्हा दीड महिन्याची होती. नागपूरच्या महाल भागात आईच्या घरी मे महिन्याची दुपार होती, कूलर घरघरत होता आणि आईनं सावजीचा मसाला भाजायला घेतला होता. मला ठसका लागला. दोनदा खोकले, तिसऱ्या खोकल्याला गाऊन ओला झाला. उठून न्हाणीत गेले, कपडे बदलले आणि कोणाला काही बोलले नाही. पुढचे ३ आठवडेही नाही. शेवटी दोरीवर रोज वाळणाऱ्या कपड्यांवरून आईनंच ओळखलं. "होते बाई, पोट्टं झालं की. आमाले बी झालं," एवढंच म्हणाली आणि आत निघून गेली.

त्या एका वाक्यानं मला आईबद्दल खूप काही कळलं. लग्नात ती कायम दाराजवळची खुर्ची धरायची. रामटेकला जायचं ठरलं की आदल्या संध्याकाळपासून पाणी कमी करायची. माझ्या जन्मापासून, म्हणजे २७ वर्षं, ती हे असंच सांभाळत आली होती.

हा लेख पहिलटकरणींसाठी आहे, गरोदर असाल त्यांच्यासाठी आणि नुकतंच बाळंतपण झालं असेल त्यांच्यासाठीही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या ३ महिन्यांत साधारण दर ३ बायकांमागे एकीला लघवी सुटण्याचा त्रास होतो. म्हणजे हे खूप जणींना होतं. पण "होतंच" म्हणून सोडून द्यावं असं ते नाही, कारण बहुतेकींचा त्रास व्यायामानं कमी होतो आणि कित्येकींचा पूर्ण जातो.

दवाखान्यातून सुट्टी झाली तेव्हा माझ्याही हातात एक छापील कागद होता. कीगल व्यायाम, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम, दिवसातून ३ वेळा. कसा करायचा ते कोणी दाखवलं नव्हतं. मी २ महिने इमानेइतबारे केला आणि त्रास वाढला. मग एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी ५ मिनिटांत सांगितलं की मी आवळतच नव्हते, श्वास कोंडून खाली जोर देत होते. म्हणजे स्नायूंची जी झोळी वर उचलायची, तिलाच रोज खाली दाबत होते. म्हणून या लेखात आकडे उशिरा येतील. आधी स्नायू सापडू द्या.

ही झोळी कुठे असते

समोरचं ओटीपोटाचं हाड आणि मागचं माकडहाड यांच्यामध्ये स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. बाळाला निजवायला बांधतो ना, तशीच. हाच पेल्विक फ्लोअर, आपल्या भाषेत ओटीपोटाचा तळ. मूत्राशय, गर्भपिशवी आणि मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग हे तिघं तिच्यावर विसावलेले असतात. झोळीतून ३ वाटा खाली उतरतात: लघवीची, योनीची आणि शौचाची. झोळी आवळली की तिन्ही वाटा मिटतात, सैल सोडली की मोकळ्या होतात.

गरोदरपणात या झोळीवर ९ महिने वजन वाढत जातं, आणि त्याच काळात शरीरातली संप्रेरकं सांधे नि स्नायू सैल करत असतात. खालून बाळंतपण झालं तर बाळाचं डोकं याच झोळीला प्रचंड ताणून बाहेर येतं, कधी ती फाटते, कधी तिथल्या नसा दुखावतात. सिझर झालं म्हणून ९ महिन्यांचं ओझं वाहिलं नाही असं होत नाही. सिझरनं लघवी सुटण्याची शक्यता थोडी कमी होते, संपत नाही. "माझं सिझर आहे, मला कशाला व्यायाम" असं म्हणणाऱ्या मैत्रिणी मला दर वेळी भेटतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

पहिली पायरी: स्नायू शोधायचा

उशीवर डोकं टेकून, गुडघे वाकवून पडा. गरोदरपणाचे शेवटचे ३ महिने असतील तर पाठीवर जास्त वेळ पडू नका, डाव्या कुशीवर वळा. पोट, मांड्या, ढुंगण आणि जबडाही सैल सोडा. जबड्याचं मला आधी नवल वाटलं होतं, पण दात आवळलेले असले की खालचंही सगळं ताठरतं.

आता असं समजा की तुम्ही शहर बसमध्ये गर्दीत उभ्या आहात आणि वायू अडवायचा आहे. ती जागा हळूच आत ओढा. तेवढं जमलं की तोच ओढा पुढे आणा, लघवीची धार मधेच थांबवायची असावी तसा. मागून पुढे मिटत आणि मग वर. सुईत ओवलेला दोरा कोणी आतून हलकेच वर ओढावा, इतकीच ती हालचाल. बाहेरून कोणाला काही दिसत नाही. दिसत असेल तर दुसराच कुठला तरी स्नायू काम करतोय.

मग सोडा. पूर्ण सोडा आणि सुटल्याचं जाणवू द्या. सोडणं हा व्यायामाचा अर्धा भाग आहे. ज्या स्नायूला सैल होता येत नाही, त्याला नीट आवळताही येत नाही. बाळंतपणात बाळाला वाट देतानाही हेच सोडणं कामी येतं.

लघवी करताना खरोखर धार अडवून व्यायाम करू नका. स्नायू ओळखायला एखाद्या वेळी केलं तर ठीक, पण रोज तसं केलं की मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही आणि उरलेल्या लघवीत जंतू वाढायला जागा मिळते.

बरोबर होतंय का, हे कसं ओळखायचं

हा भाग वाचायला थोडा संकोच वाटेल, पण घाई करू नका. माझे २ महिने याच एका पायरीच्या अज्ञानात गेले.

सगळ्यात सोपी खूण श्वासाची. आवळलेलं असताना मोठ्यानं १ ते ५ मोजा. आवाज अडकला तर तुम्ही श्वास कोंडलाय. दुसरी खूण हाताची. एक तळवा पोटावर, एक ढुंगणाखाली. बेंबीच्या खाली किंचित ओढ जाणवली तर चालेल, पण पोट फुगलं किंवा ढुंगण उचललं गेलं तर ताकद भलतीकडे जातेय.

तिसरी खूण आरशाची. पाय फाकवून बसा आणि हातातला छोटा आरसा खाली धरा. आवळल्यावर योनी आणि शौचाची जागा यांच्यामधला भाग आत, वर जायला हवा. तो बाहेर फुगत असेल तर तुम्ही खाली ढकलताय, माझ्यासारख्या. लगेच थांबा आणि पुन्हा वायू अडवण्याच्या कल्पनेपासून सुरुवात करा.

टाके भरून आल्यावर, हात स्वच्छ धुऊन, एक बोट योनीत दोन पेरांपर्यंत घालूनही बघता येतं. बोटाभोवती घट्ट होऊन वर ओढल्यासारखं वाटलं की बरोबर. गरोदरपणात रक्तस्राव झाला असेल, वार (प्लासेंटा) खाली असेल किंवा डॉक्टरांनी तपासणी नको म्हटलं असेल तर हे करू नका.

ज्यांच्या नावानं हा व्यायाम ओळखला जातो ते अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड कीगल. त्यांनी तो १९४८ मध्ये मांडला तेव्हा सोबत एक दाबमापकही होता. योनीत ठेवायच्या त्या साधनानं आवळ किती बसतोय हे बाईला स्वतःला दिसायचं. नुसतं "आवळा" सांगून भागत नाही हे त्यांना तेव्हाच ठाऊक होतं. आपल्यापर्यंत व्यायामाचं नाव आलं, तपासून बघणं तेवढं वाटेत राहून गेलं.

घरी कोणी योग करत असेल तर "हा तर मूलबंध" असं म्हणेल. ओढ त्याच दिशेची आहे, खरं आहे. फक्त मूलबंध बऱ्याचदा श्वास रोखून करतात, आणि गरोदरपणात श्वास रोखायचा नाही.

आता आकडे

स्नायू सापडला, खूण पटली, मग पुढे. आवळून ३ मोजा आणि सोडून ३ मोजा. असं ५ वेळा. पाचव्या वेळी झोळी मधेच निसटली तर तुमचा आजचा आकडा ४. लाज नाही, तिथून सुरू करायचं. ३ चे ५ सेकंद, ५ चे ८ असं आठवड्या-आठवड्यानं वाढवत १० सेकंदांपर्यंत न्या. जितके सेकंद आवळलं, निदान तितके सेकंद विश्रांती. एका बैठकीत असे ८ ते १० आवळे, आणि दिवसातून ३ बैठका.

प्रत्येक बैठकीच्या शेवटी १० झटपट आवळे घ्या: पटकन आवळा, लगेच सोडा. हळूचे आवळे झोळीला दिवसभर भार पेलायला शिकवतात. शिंक आली की जो स्नायू क्षणात मिटायला हवा, त्याची तयारी या झटपट आवळ्यांनी होते. दोन्ही लागतात.

पहिले २-३ आठवडे पडून किंवा बसून, लक्ष देऊन करा. नंतर उभ्यानं, कारण खोकला, शिंक, भरलेली बादली हे सगळं उभ्यानंच गाठतं. वेळ लक्षात राहावी म्हणून एखाद्या ठरलेल्या कामाला बांधून टाका. मी सकाळी नळ आला की, दुपारी बाळाला पाजताना आणि रात्री दिवा मालवल्यावर करायचे. पाजण्याची वेळ उत्तम. तिथून तुम्हाला कोणी उठवत नाही.

किती दिवस? निदान ३ महिने. स्नायूला बळ यायला तेवढा वेळ लागतोच, आणि बहुतेक जणी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून सोडतात. मला योग्य तऱ्हेनं करायला लागल्यावर सातव्या आठवड्यात जाणवलं. गाडी गतिरोधकावरून उडाली आणि मी कोरडी होते. ३ महिन्यांनी बरं वाटलं तरी दिवसातून एकदा चालू ठेवा.

आणि जास्त म्हणजे चांगलं असं नाही. दिवसभर आवळून राहिलं की स्नायू थकतो आणि संध्याकाळी जास्तच गळतं. काही जणींची झोळी ढिली नसून उलट ताठरलेली असते. संबंधाच्या वेळी दुखणं, लघवी सुरू व्हायला वेळ लागणं, आतून सतत ओढल्यासारखं वाटणं ही त्याची लक्षणं. तसं असेल तर आवळण्याचा व्यायाम थांबवून आधी फिजिओथेरपिस्टकडे जा.

खोकण्याआधी एक क्षण

सगळ्यात लवकर गुण देणारी युक्ती ही आहे. खोकला, शिंक, हसू येतंय असं वाटलं की आधी आवळा, मग खोका. आवळ धरून ठेवा आणि खोकून झाल्यावर सोडा. सुरुवातीला विसराल. मुद्दाम खोटं खोटं खोकून दिवसातून ५-६ वेळा सराव करा, काही आठवड्यांत अंगवळणी पडतं.

वजन उचलताना तेच. नागपुरात मार्चपासून जूनपर्यंत कूलरमध्ये पाणी टाकणं हे रोजचं काम असतं, आणि भरलेली बादली खिडकीच्या उंचीपर्यंत उचलताना आपण हमखास श्वास कोंडतो. त्या कोंडलेल्या श्वासाचा सगळा दाब झोळीवर उतरतो. आधी आवळा, मग तोंडानं हलकेच श्वास सोडत उचला, आणि अर्धीच बादली भरा. बाळंतपणानंतरचे पहिले दीड-दोन महिने मात्र हे काम सरळ दुसऱ्या कोणाला तरी सांगा. बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही, हे माप लक्षात ठेवायला सोपं जातं.

गरोदरपणात

पहिल्या ३ महिन्यांत वारंवार लघवीला लागते, कारण मूत्रपिंडांचं काम वाढलेलं असतं आणि वाढणारी गर्भपिशवी मूत्राशयाला टेकलेली असते. मधल्या महिन्यांत ती वर सरकते आणि जरा उसंत मिळते. शेवटी बाळाचं डोकं खाली उतरलं की पुन्हा तेच. व्यायाम सुरू करायला मधल्या महिन्यांची वाट बघायचं कारण नाही. डॉक्टरांनी काही मनाई केली नसेल तर पहिल्या तपासणीपासून करता येतो. ज्यांना अजून त्रास नाही त्यांनी लवकर सुरुवात केली तर शेवटच्या महिन्यांत आणि बाळंतपणानंतर लघवी सुटण्याचं प्रमाण कमी राहतं. आवळल्यानं बाळाला काही होत नाही आणि वाट अरुंदही होत नाही. ही शंका मला माझ्या नणंदेनंही विचारली होती.

शेवटच्या महिन्यांत ओलं झालं तर ती लघवीच असेल असं धरून बसू नका. पाणमोट फुटलेली असू शकते. कोरडा पॅड लावा, थोडं चाला आणि बघा. पाणी पांढुरकं किंवा रंगहीन असेल, लघवीचा वास नसेल, आवळूनही थांबत नसेल, तर दवाखाना गाठायचा, रात्रीचे २ वाजले असले तरी. शंका असली तरी जायचंच. हिरवट किंवा रक्ताळलेलं असेल तर एक मिनिटही थांबू नका.

लघवीला जळजळ, वास, ओटीपोटात दुखणं असेल तर लघवीची तपासणी करून घ्या. गरोदरपणात जंतुसंसर्ग अंगावर काढला तर तो मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो आणि बाळंतपण दिवस भरण्याआधी होण्याचा धोका वाढतो. हुडहुडी भरून ताप आणि कमरेच्या वर एका बाजूला दुखणं, ही तर त्याच दिवशी दाखवायची गोष्ट आहे.

बाळंतपणानंतरचे पहिले दिवस

इथे पहिलं काम व्यायामाचं नाही, लघवी होण्याचं आहे. बाळंतपणानंतर किंवा लघवीची नळी काढल्यानंतर ६ तासांच्या आत नीट लघवी व्हायला हवी. झाली नाही, किंवा थेंब थेंबच झाली, तर नर्सला बोलवून सांगा. कमरेतून भुलीचं इंजेक्शन घेतलेलं असेल तर मूत्राशय भरल्याची जाणीवच काही वेळ येत नाही, आणि जास्त ताणलं गेलेलं मूत्राशय पुढे कितीतरी दिवस आळसावतं. पहिले काही दिवस लागली नाही तरी दर ३-४ तासांनी घड्याळ बघून जा. टाक्यांना लघवी झोंबते, तेव्हा वरून कोमट पाणी सोडत करा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, नळी निघालेली असेल आणि सोसवत असेल, तर हलके आवळे सुरू करता येतात. टाके आवळण्यानं उसवत नाहीत. उलट तिथलं रक्ताभिसरण वाढतं आणि सूज उतरायला मदत होते. सुरुवातीला काहीच जाणवलं नाही तर घाबरू नका. स्नायू आणि नसा बधिरलेल्या असतात, रोज थोडं करत गेलं की जाणीव परत येते. फाटलेली जखम शौचाच्या जागेपर्यंत गेली होती असं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर घरच्या घरी सुरू करू नका. कधी आणि किती ते त्यांच्याकडून ठरवून घ्या.

आता घरातल्या रीतींबद्दल, कारण इथे अडचण खरी असते. आपल्याकडे बाळंतिणीचं पोट घट्ट बांधतात. आधार वाटेल इतपत सैल बांधलं, विशेषतः सिझरनंतर, तर हरकत नाही. पण पिठाची थैली मधोमध करकचून आवळली की पीठ खालीच सरकतं. पोटावरचा तो दाब थेट झोळीवर जातो. बांधल्यावर खाली जड वाटलं तर सोडा. आईला, सासूबाईंना समजावताना मी हीच थैली दाखवली होती आणि पटलं.

दुसरी रीत पाणी कमी द्यायची. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि बाळ अंगावर पीत असतं. अशा वेळी पाणी तोडणं चुकीचं आहे. लघवी फिकट पिवळी राहील इतकं पाणी प्यायचं, हेच माप. डिंकाचे लाडू खा, अळीवाची खीर खा, शेक घ्या, त्याशी कोणाचं भांडण नाही.

धावणं, उड्या, दोरीवरच्या उड्या किमान ३ महिने नकोत, आणि नंतरही खाली जड वाटत नसेल, गळत नसेल तरच. चालणं लवकर सुरू करा. फुटाळा तलावाच्या फेरीची घाई नको, आधी घरातला हॉल, मग गच्ची, मग गल्ली.

मूत्राशयाच्या सवयी

खोकल्याला सुटणं वेगळं आणि अचानक अशी लागणं की दार गाठेपर्यंत धीर नाही, हे वेगळं. दुसऱ्या प्रकारात आवळण्यासोबत मूत्राशयालाही वळण लावावं लागतं. कुलपात किल्ली घातली की, नळ सोडला की, कूलरचं पाणी टपकताना ऐकलं की लागते, हा अनुभव ज्यांना आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

३ दिवस वही ठेवा. किती वाजता गेले, साधारण किती झाली, कधी सुटली आणि त्या वेळी काय करत होते. मूत्राशयात ४०० ते ६०० मिली लघवी मावते, आणि पहिली हाक बरीच आधी येते. पहिल्या हाकेला धावत सुटलं की मूत्राशय तेवढ्यालाच भरल्याचं मानायला लागतं. कळ आली की धावू नका. थांबा, बसता आलं तर खुर्चीच्या कडेवर टेका, ५-६ झटपट आवळे घ्या, श्वास सोडा. कळ लाटेसारखी असते, चढते आणि ओसरते. ओसरली की सावकाश चालत जा. दोन फेऱ्यांमधलं अंतर दर आठवड्याला १०-१५ मिनिटांनी वाढवा. दिवसा ३-४ तास निभावले की जमलं. हे बाळंतपणानंतर करायचं. गरोदरपणात जास्त वेळा लागणारच, आणि अडवून धरायचं नाही.

"आता निघतोच आहोत तर जाऊन येते" ही सवय मोडायला मला सगळ्यात जड गेलं, कारण बर्डीच्या बाजारात स्वच्छ जागा मिळेल की नाही याची धास्ती प्रत्येकीला असते. लांबच्या प्रवासाआधी जरूर जा. पण भाजी आणायला निघतानाही जात असाल तर ते थांबवा. आणि बाहेरच्या कमोडवर अधांतरी वाकून लघवी करू नका. झोळी तेव्हा सैल होत नाही आणि लघवी आत उरते. कागद ठेवा, पुसून घ्या, पण नीट बसा, किंवा भारतीय पद्धतीचा संडास शोधा.

चहा-कॉफीनं मूत्राशय चाळवतं. दिवसातून ४ कप असतील तर २ करून आठवडाभर बघा. काही जणींना संत्र्याच्या रसानं किंवा सावजीच्या तिखटानं लागते, काहींना अजिबात नाही. वहीत दिसेल. दिसलं नाही तर उगाच सोडू नका.

शौचाला जोर द्यावा लागत असेल तर झोळीची सगळी मेहनत तिथे वाया जाते. लोहाच्या गोळ्यांनी मळ घट्ट होतो, म्हणून गोळ्या बंद न करता डॉक्टरांकडून बदलून मागा. ज्वारीची भाकरी, चवळी-मेथीची भाजी, सालासकट वरण, अख्खं संत्रं, आणि पाणी. कमोड असेल तर पायाखाली छोटा पाट घ्या म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात.

कधी आणि कुठे दाखवायचं

३ महिने नीट करूनही फरक नसेल तर तपासून घ्या. काही गोष्टींना मात्र ३ महिने द्यायचे नाहीत. लघवी थेंबथेंब सतत, झोपेतही, योनीतून झिरपत असेल. लघवी अजिबात होत नसेल. मांड्यांच्या आतली जागा, जिथे आपण सायकलच्या सीटवर टेकतो, ती बधिर झाली असेल. लघवीत रक्त दिसत असेल. शौच किंवा वायू आवरत नसेल. योनीतून गोळा खाली आल्यासारखा लागत असेल, ज्याला आपण अंग बाहेर येणं म्हणतो. शेवटच्या दोन गोष्टी बायका सगळ्यात जास्त लपवतात. दोन्हींवर उपाय आहेत, पेसरी (योनीत बसवायची आधाराची कडी) आहे, शस्त्रक्रिया आहे, आणि लवकर आलं तर पुष्कळदा व्यायामावर भागतं.

नागपुरात सरकारी सोयी कमी नाहीत. गांधीबागेतलं डागा स्त्री रुग्णालय, मेयो आणि मेडिकल ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं, आणि मिहानमधलं एम्स. मेडिकलमध्ये फिजिओथेरपीचं शिक्षण आणि उपचार दोन्ही आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. त्या रांगेत उभ्या असाल तर वजन आणि रक्तदाबासोबत हाही प्रश्न विचारून घ्या. खासगी फिजिओथेरपिस्टकडे जाणार असाल तर फोनवरच विचारा की बाळंतपणानंतरच्या लघवीच्या तक्रारी बघता का. पाठदुखीच्या मशिनवर बसवून परत पाठवणारेही असतात.

माझी आई आता ५६ वर्षांची आहे. माझ्यासोबत तिनंही व्यायाम सुरू केला, रात्री दिवा मालवल्यावर, दोघी दोन खाटांवर. वय झालं म्हणून हा स्नायू शिकायचा थांबत नाही. मागच्या महिन्यात रामटेकला गेलो तेव्हा तिनं वाटेत मनसरला उसाचा रस मागून घेतला.

ओपीडीत गेल्यावर शब्द सुचत नाहीत, आजूबाजूला माणसं असतात, डॉक्टर घाईत असतात. म्हणून एक वाक्य घरूनच चिठ्ठीवर लिहून न्या आणि केसपेपरसोबत पुढे करा: "मला खोकताना किंवा उचलताना लघवी सुटते. माझे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू तपासा आणि मी बरोबर आवळते का ते सांगा."